लतिकाचा नंबर पहिला

माझी बायको वारल्यानंतर दुसऱ्या वर्षी वाचनालयाच्या कार्यकारिणीवर बिनविरोध निवडून आली. यात माझा काही दोष नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या गल्लीत अजूनही लोक माझ्याकडे बघून हसतात आणि मी वळून पाहिलं की गंभीर होतात. हसणाऱ्यांचा मला राग येतो. गंभीर होणाऱ्यांचा जास्त येतो.

या सगळ्याच्या मुळाशी एक लेखक आहे. त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. त्यानं माझ्या घरात फुकट राहून पुरेशी जागा अडवली आहे, आता माझ्या कागदावरही त्याला बसू देणार नाही. तिकडे पुण्याकडे कुठेतरी तो राहतो आणि 'धूम्रगड' नावाच्या कादंबऱ्या लिहितो. एकाच गोष्टीचे भाग. एकात राज्य जातं, दुसऱ्यात मांत्रिक येतो, तिसऱ्यात मांत्रिक मरतो आणि चौथ्यात तो मेलाच नव्हता असं कळतं. कुणी मेलं तर मेलं एवढं तरी लेखकानं पाळावं, असं मी त्या वेळी लतिकाला म्हणालो होतो. आता मी तसं म्हणणार नाही.

या गोष्टीत मृगनेत्रा नावाची राजकन्या आहे आणि धवल नावाचा घोडा आहे. घोडा फक्त अमावास्येला बोलतो आणि तेव्हाही मोजकं बोलतो. सगळ्या गाथेत मला पटलेली ही एकच गोष्ट. सहाव्या भागाच्या शेवटी मृगनेत्रा गडाच्या दारात उभी आहे. हातात किल्ली आहे. आत रिकामं सिंहासन, बाहेर घोडा. घोडा म्हणतो, "ठरव." आणि पुस्तक संपतं. पुढे सातवा आणि शेवटचा भाग. त्या 'ठरव' वर त्या माणसानं अख्ख्या विदर्भाला वर्षानुवर्षं उभं करून ठेवलं.

माझी बायको लतिका आणि शेजारच्या प्रेमिलाबाई यांचं यावरून वैर होतं. लतिकाचं म्हणणं, मृगनेत्रा किल्ली नदीत फेकेल आणि घोड्यावर बसून निघून जाईल. प्रेमिलाबाईंचं म्हणणं, ती सिंहासनावर बसणार.

"राजाची पोरगी आहे वं ते," प्रेमिलाबाई मधल्या भिंतीवरून म्हणायच्या. "घोड्यावर बसून जाईन कुठी? सावनेरले?"

"कुठेही जाईल. एवढे सहा भाग ती काय खुर्चीसाठी रडली?"

"मंग काहून रडली?"

एका उन्हाळ्यात या वादात दोन्ही घरांचा कुरड्यांचा चीक करपला. शालिकराम म्हणजे प्रेमिलाबाईंचे यजमान आणि मी, आम्ही दोघांनी त्या वर्षी कुरड्यांशिवाय सण काढले आणि एकमेकांना काही बोललो नाही. शालिकरामजी फारच शांत माणूस. घोड्यापेक्षाही कमी बोलतात.

लोकरंजन वाचनालयात नंबर लावायची पद्धत आहे. नवीन पुस्तक आलं की ज्याचा नंबर आधी, त्याला आधी, आठ दिवसांसाठी. लतिकानं सहावा भाग परत केला त्याच क्षणी, टेबलावरून हात न उचलता, सातव्याला नंबर लावला. तेव्हा सातव्याचा एक शब्दही लिहिला गेला नव्हता. तिच्या मागे रांगेत प्रेमिलाबाई होत्या, त्यांनी दुसरा लावला. त्या दिवशी लतिका घरी आली ती अशा चेहऱ्यानं, की मला वाटलं माझं प्रमोशन झालं.

मग ती आजारी पडली. कावीळ अंगात उतरली होती आणि आम्हाला उशिरा कळलं. दवाखान्यात भेटायला येणारा प्रत्येक जण विचारायचा, "कसं वाटतं?" आणि ती उलट विचारायची, "सातवा आला का?" एका नवीन नर्सनं मला बाहेर गाठून खडसावलं की बाई सातव्याची वाट बघून राहिल्या, आणि बाकीच्या सहांपैकी एकही पोरगा फिरकला कसा नाही. आम्हाला मूलबाळ नाही. मी तिला म्हणालो, सगळे वाचनालयात आहेत. ती माझ्याकडे कसं बघत राहिली ते मला अजून आठवतं.

शेवटी शेवटी लतिका मला म्हणाली, "आला की तुम्ही आणा. पहिला नंबर माझा आहे. प्रेमिलाच्या आधी वाचा आणि मला सांगा मी बरोबर होते का."

कसं सांगायचं ते तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. मी 'बरं' म्हणालो. आमचं लग्न झाल्यापासून मी तिला जेवढ्या वेळा 'बरं' म्हणालो त्यातलं हे एकच मला पाळायचं होतं.

तेरावं झाल्यावर मी वाचनालयात गेलो. ग्रंथपाल रुपराव टेबलाशी बसून फाटक्या पुस्तकांच्या पाठींना खळ लावत होते. मी म्हणालो, "लतिकाचा नंबर माझ्या नावावर करा."

"नाही होत जी, साहेब."

"का नाही होत? घर होतं, पेन्शन होते."

"नंबर नाही होत. सभासद वारला का त्याचा नंबर रद्द. मागचा समोर सरकते."

मागचा म्हणजे प्रेमिलाबाई. माझं डोकं फिरलं. मी आयुष्यभर सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळली आहे, मला नियम शिकवायचे नाहीत. मी म्हणालो, "सभासद वारली हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

रुपरावांनी ब्रश खाली ठेवला. "म्या तर घाटावर आलो होतो, साहेब. तुमच्या बाजूलेच उभा होतो."

"ते मी पाहिलं. पण वाचनालयाला कुणी कळवलं?"

रुपराव विचारात पडले. बराच वेळ त्यांनी बोटावरची खळ पुसली. मग म्हणाले, "तसं पाहिलं तर घाटावर म्या माणूस म्हणून आलो होतो. वाचनालय म्हणून मले कोणी काही कळवलं नाही."

"मग?"

"मंग तुम्ही वर्गणी भरत राहा बाईंच्या नावानं. मले काही मालूम नाही."

त्या दिवसापासून वाचनालयाच्या दृष्टीनं माझी बायको जिवंत होती, फक्त तिला वाचायला फुरसत नव्हती. मी दर वर्षी आगाऊ वर्गणी भरत होतो. रुपराव पावती देताना "बाईंना नमस्कार सांगा" म्हणायचे, कारण बाकी लोक ऐकत असायचे. मी घरी येऊन सांगायचो. फसवणूक अर्धवट करू नये.

आता सल्ले. गल्लीतल्या प्रत्येकानं मला एकच सल्ला दिला: विकत घ्या. जणू मला हे सुचलंच नव्हतं. मी प्रत्येकाला समजावून सांगितलं की प्रश्न पुस्तकाचा नाही, नंबराचा आहे. विकत घेतलेल्या पुस्तकाला नंबर नसतो. बर्डीच्या बाजारात जाऊन कुणीही उभा राहील आणि पुस्तक घेऊन येईल, त्यात पहिलं येणं कुठे आहे? लोक मान हलवायचे आणि जाताना आपापल्या बायकोला म्हणायचे, "हरकरे साहेबांना थोडं बघत जा, एकटे असतात."

एकटा मी होतोच. पण मूर्ख नव्हतो.

इकडे लेखक महाशयांचं काम जोरात चाललं होतं, म्हणजे पुस्तक न लिहिण्याचं. आधी कागदाची टंचाई झाली. ती खरी होती, तेव्हा वर्तमानपत्रंही बारीक झाली होती, म्हणून मी एक वर्ष गप्प बसलो. मग त्याचं डोळ्याचं ऑपरेशन झालं. मग छापखान्यातला खिळे जुळवणारा जुळारी गावी गेला. मग मासिकात त्याची मुलाखत आली, बागेत झारी घेऊन उभा असलेला फोटो आणि खाली त्याचं वाक्य: 'पात्रं मला अजून शेवट सांगत नाहीत.' माझं टाळकं सरकलं. मी कार्ड लिहिलं. लिहिलं की पात्रांनी सांगितलं नसेल तर नागपूरच्या महाल मोहल्ल्यातल्या एका बाईनं सांगितलं आहे, ते लिहून मोकळे व्हा, लोक वाट बघता बघता मरतात हे आपणास ठाऊक आहे काय. आणखीही लिहिलं, ते इथे देत नाही. उत्तर आलं. छापील. 'आपल्यासारख्या रसिकांच्या प्रेमावरच मी जगतो.' मी त्याला शिव्या दिल्या होत्या आणि तो त्यावर जगत होता.

याच सुमारास वाचनालयाची वार्षिक सभा झाली. मी गेलो नाही. सभेत ठराव झाला की कार्यकारिणीवर एक महिला असावी. महिला कुणी आली नव्हती. वाचनालयाला त्या वर्षी चंद्रभानजी नावाचे नवे सचिव आले होते, अमरावतीहून बदलून आलेले, अतिशय उत्साही. त्यांनी रुपरावांना विचारलं, वर्गणी थकलेली नाही अशी महिला सभासद कोण? रुपरावांना खोटं बोलता येत नाही. फक्त गप्प बसता येतं आणि तेवढा वेळ चंद्रभानजींनी दिला नाही. वर्गणीत सगळ्यांत पुढे लतिका हरकरे. आमच्या गल्लीतलं सभेला कुणी नव्हतं. टाळ्यांच्या गजरात बिनविरोध.

संध्याकाळी चंद्रभानजी हार घेऊन माझ्या दारात. मागे दोन सभासद, त्यांच्या मागे रुपराव, तोंड पाडलेले.

"बाई आहेत का घरी?"

मी खरं तेच बोललो. म्हणालो, "आहेत. या."

आत आल्यावर त्यांनी भिंतीवरचा फोटो पाहिला. फोटोला चंदनाचा हार होता. चंद्रभानजींच्या हातात झेंडूचा होता. मग त्यांनी पायातल्या चपला बाहेर जाऊन काढल्या, परत आले, आणि आणलेला हार फोटोला घातला. दुसरं काय करणार होते. "अभिनंदन," असं ते अगदी हळू म्हणाले, हे मला आवडलं नाही, पण चुकीचं म्हणावं असंही वाटलं नाही.

मी म्हणालो, "तुमची चूक झाली, तुम्हीच निस्तरा."

"यादी दुपारीच वरच्या कार्यालयात गेली, हरकरे साहेब," ते म्हणाले. त्यांना घाम आला होता. "आता नाव काढायचं तर निवडणूक रद्द होते. निवडणूक रद्द झाली तर अनुदान अडते. बाई स्वतः राजीनामा देतील तर..."

ते मधेच थांबले.

"विचारून बघतो," मी म्हणालो.

पुढचं वर्षभर लतिकाला सभेच्या सूचना येत राहिल्या. चंद्रभानजी इतिवृत्तात 'गैरहजर' लिहायचे. काही सभांनंतर नियमाप्रमाणे नोटीसही आली, की आपण लागोपाठ गैरहजर आहात, सबळ कारण असल्यास कळवावे. मी उत्तर पाठवलं की कारण सबळ आहे. ते मान्य झालं.

हे सगळं प्रेमिलाबाईंना कळणार नाही असं कुणाला वाटलं असेल तर तो महालात राहत नसेल. त्या सरळ वाचनालयात गेल्या. मी तिथे वर्तमानपत्र वाचत होतो.

"रुपराव, माह्यावर कोण आहे गा नंबरात?"

रुपराव खळीच्या डब्यात बघू लागले.

"मेलेल्या माणसाचा नंबर चालते का तुमच्या इथी? मंग माह्या आजीचाही लावून टाका."

मी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "कार्यकारिणीच्या सभासदाबद्दल नीट बोला, प्रेमिलाबाई."

"भाऊजी, मी लतिकाताईबद्दल नाही बोलून राहिली. मी तुमच्याबद्दल बोलून राहिली. तुम्हाले वाचता येते का धूम्रगड? एक पान तरी वाचलं का जन्मात?"

"तो माझा प्रश्न आहे."

"पुस्तक वाचणाऱ्याचं असते. नंबर माहा आहे."

गोंगाट ऐकून चंद्रभानजी आतून आले. त्यांनी नियमांची प्रत काढली, दोन्ही बाजूंनी वाचली, पुन्हा वाचली, आणि त्यांचा चेहरा पडला. कार्यकारिणीच्या सभासदाला नवीन पुस्तक नंबराशिवाय आधी मिळावं, असा नियम कुठल्या तरी जुन्या कार्यकारिणीनं स्वतःसाठी करून ठेवला होता. म्हणजे लतिकाचा पहिला नंबर रद्द केला तरी ती पहिलीच. प्रेमिलाबाई माझ्याकडे बघत राहिल्या. "वा," त्या म्हणाल्या. "जिवंतपणी एवढी वट नव्हती बिचारीची." आणि निघून गेल्या. त्यांनी भिंतीवरून बोलणं बंद केलं. तसं तर लतिका गेल्यापासून भिंतीवरून बोलण्यासारखं कुणी उरलंच नव्हतं.

आणि एका उन्हाळ्यात, पारा असा चढलेला की वाचनालयाच्या खिडक्यांना खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्या लावल्या होत्या, सातवा भाग आला.

पार्सल फोडायला अख्खा मोहल्ला जमला होता. रुपरावांनी पुस्तकाला शिक्का मारला, खाकी कव्हर घातलं आणि माझ्यापुढे ठेवलं. मागून कुणीतरी म्हणालं, "बुढ्याला काय समजणार." मी वळून पाहिलं नाही. पुस्तक छातीशी धरून बाहेर पडलो. सायकलरिक्षा केली नाही, पायी आलो. तिनं तसंच आणलं असतं.

घरी फोटोपुढे बसलो आणि वाचायला सुरुवात केली.

मला एक अक्षर समजलं नाही. पहिल्याच पानावर 'त्या रात्रीचा शाप आठवून' कुणीतरी थरथर कापतो. कुठली रात्र? कुणाचा शाप? दुसऱ्या पानावर तीन माणसं, तिघांचीही नावं 'का' नं सुरू होणारी, त्यातला एक वेष पालटलेला. कोणता ते लेखक सांगत नाही, कारण ते पाचव्या भागात सांगून झालं आहे. पाचवा भाग वाचनालयातून बाहेर गेलेला, आणि त्यावरही नंबर. मी दोन दिवस डोकं फोडलं. तिला सांगायचं काय? 'कुणीतरी कुणाला तरी मारलं' हे सांगू? आठ दिवसांची मुदत पळून राहिली होती, आणि प्रेमिलाबाईंनी वाचनालयात सगळ्यांदेखत विचारलं होतं ते माझ्या कानात बसलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी पुस्तक घेऊन त्यांच्या दारात गेलो. असा अपमान मी कचेरीत साहेबांपुढेही गिळला नव्हता.

त्यांनी दार उघडलं. पुस्तकाकडे पाहिलं.

मी म्हणालो, "मला हे समजत नाही."

"मालूम आहे मले."

"तुम्ही वाचा. मोठ्यानं. मी ऐकतो. पण नंबर लतिकाचाच."

"हो जी, नंबर त्यायचाच," त्या म्हणाल्या आणि पदराला हात पुसून पुस्तक घेतलं.

रोज दुपारी त्यांच्या ओसरीत ओल्या ताटीच्या आड आम्ही बसायचो. त्या वाचायच्या. मी मधे मधे विचारायचो आणि त्या चिडायच्या.

"हा कालजंघ कोण?"

"भाऊजी, कालजंघ माहीत नाही तर नागपुरात राहता काहून?"

शालिकरामजी चहा आणून ठेवायचे आणि न बोलता बसायचे. मला कळलं की तेही ऐकतात. मग कळलं की ते प्रत्येक भाग ऐकत आले आहेत, रोज, जेवण झाल्यावर. माझ्या घरातही एक बाई वाचत असायची. मी कधी म्हटलं नाही, मोठ्यानं वाच. तेव्हा मला वर्तमानपत्र असायचं.

सातव्या दिवशी शेवट आला. मृगनेत्रा दारात उभी. किल्ली हातात. घोडा गप्प. प्रेमिलाबाईंचा आवाज बसला होता. त्या पाणी प्यायल्या आणि पान उलटून बराच वेळ त्याकडे नुसत्याच बघत राहिल्या. मग वाचलं: "तिने किल्ली नदीत फेकली. ती धवलाच्या पाठीवर बसली आणि म्हणाली, चल. मागे गडाचं दार उघडंच होतं. ती गेली."

त्यांनी पुस्तक मिटलं. "जिंकल्या लतिकाताई," त्या म्हणाल्या.

मी उठलो. पुस्तक त्यांच्या हातातून घेतलं. घरी येऊन फोटोपुढे उभा राहिलो आणि सांगितलं. म्हणालो, "तू बरोबर होतीस." तेवढ्यानं समाधान होईना. वाटलं, नीट, शब्द न शब्द वाचून दाखवावं. शेवटचं पान उघडलं.

त्यात असं काही नव्हतं. त्यात मृगनेत्रा आत जाते. सिंहासनावर बसते. बाहेर घोड्याचा दगड होतो. पुढे दीड पान राज्याभिषेक, तोरणं, नगारे. मी पुन्हा वाचलं. चष्मा पुसून वाचलं. घोड्याचा दगडच होत होता.

मी तसाच शेजारी गेलो. आयुष्यात इतका राग मला क्वचितच आला असेल. प्रेमिलाबाई सुपात गहू घेऊन बसल्या होत्या.

"तुम्ही खोटं वाचलंत."

त्यांनी वर पाहिलं नाही. "हो."

"का? तुम्ही जिंकला होतात. सिंहासनावर बसते ती. तुमचंच खरं झालं."

"माहं खरं झालं, पण बरोबर लतिकाताईचं होतं," प्रेमिलाबाई म्हणाल्या. "त्या लेखकानं चुकवलं. तीन वर्ष मी एकटीच इचार करून राहिली भाऊजी, भांडायले कोणी नाही. मंग मले पटलं. ते पोरगी खुर्चीसाठी नव्हतीच रडली. आता याले नसन समजलं तर मी काय करू? त्यानं लिहिलं म्हणून मी वाचू का?"

भांडायला आलेला माणूस भांडण न करता कसा परत जातो, ते मला ठाऊक नव्हतं. म्हणून मी म्हणालो, "गव्हात खडे फार आहेत."

"तेच काढून राहिली," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पुस्तक परत करायला गेलो. वाचनालयात लोक माझी वाट बघत दाटीवाटीनं उभे होते. ज्याला वाचता येत नाही म्हणून सगळे हसत होते, त्याच्याकडे आता सगळे बघत होते. एकानं विचारलं, "सांगाल का हो थोडंसं? नुसतं एवढंच, बसते का जाते?"

सहसा हे विचारणं आमच्याकडे पाप समजतात. पण वर्षानुवर्षांची उपासमार होती.

"जाते," मी म्हणालो. "किल्ली नदीत फेकते आणि घोड्यावर बसून जाते."

खोलीत एकच कालवा झाला. कुणी टेबलावर हात आपटला, कुणी कुणाला मिठी मारली. दोघं आपलं हरलं म्हणून माझ्यावरच चिडले. रुपराव मला म्हणाले, "बाई हेच म्हणत होत्या ना, साहेब? मले आठवते." मी म्हणालो, "हो. हेच."

नंबर दोन प्रेमिलाबाईंचा. त्या पुढे आल्या, पुस्तक घेतलं, पदराखाली धरलं आणि कुणाकडे न बघता घरी गेल्या.

आठ दिवस झाले. त्यांनी पुस्तक परत केलं नाही. पंधरा दिवस झाले. रुपराव मागायला आले तर म्हणाल्या, डोळे दुखतात. चंद्रभानजी आले तर म्हणाल्या, हळू वाचते. बर्डीच्या दुकानात सातवा अजून पोचला नव्हता. महिना उलटला तशी नंबर तीनपासून खालची सगळी मंडळी खवळली. एका रविवारी त्यांच्या फाटकावर पंचवीस-तीस माणसं जमली. शालिकरामजी आतल्या आत फेऱ्या मारत होते. मी माझ्या दारातून पाहिलं, चपला घातल्या आणि फाटकापुढे जाऊन उभा राहिलो.

"काय आहे?" मी विचारलं.

"पुस्तक पाहिजे. एक बाई एवढे दिवस पुस्तक दाबून बसते म्हणजे काय?"

"बाई वाचत आहेत."

"महिनाभर?"

"तुम्ही त्या लेखकाला इतकी वर्षं दिलीत, तेव्हा कुणी त्याच्या फाटकावर गेला नाही. बाईंना एक महिना देता येत नाही? निघा."

मी इतका मोठ्यानं ओरडलो की पुढचे दोघं मागे सरकले. मग मागून एक म्हातारे गृहस्थ, नंबर बराच खालचा असावा, हात वर करून म्हणाले, "नाही मिळालं तर नाही मिळालं जी. तुम्ही वाचलं ना, तुम्हीच सांगा. ते घोड्यावर बसून जाते, ते समजलं. पण जाते कुठी?"

हे मी लतिकाला कधी विचारलं नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते.

"दूर," मी म्हणालो.

"दूर म्हणजे? पुढं काय होते तिचं?"

"दूर म्हणजे दूर. पत्ता लागतो का तुम्हाला?" मला फार राग आला होता. "बरी आहे ती तिथे. आता तिच्या मागे लागू नका."

एकेक जण सायकली काढू लागला. आत गहू पाखडत असलेल्या प्रेमिलाबाईंच्या सुपाचा आवाज मात्र थांबला होता.